मुरुमांसाठी वाफ: रोज, आठवड्यातून एकदा, की अजिबात नाही?

मोगरी_चिपळूण
माझी मुलगी १६ वर्षांची आहे. दीड वर्षापासून तिच्या कपाळावर आणि गालांवर मुरूम येत आहेत. कडुनिंबाचा पाला घातलेल्या पाण्याची रोज वाफ घेतली की रंध्रे उघडतात, आतली घाण बाहेर पडते आणि नंतर थंड पाण्याचा हबका मारला की ती पुन्हा मिटतात, असे सासूबाईंचे ठाम मत आहे. त्या स्वतःही नातीबरोबर चादरीखाली बसतात, त्यामुळे दिवेलागणीनंतरचा हा आमच्या घरातला नित्यनेमच झाला आहे. पार्लरमधल्या बाई मात्र वाफ आठवड्यातून एकदाच घ्यावी असे सांगतात, आणि एका मैत्रिणीच्या मते ती मुळीच घेऊ नये, पण कारण विचारल्यावर तिला ते सांगता आले नाही.

तीन आठवड्यांत नाकावरचे काळे ठिपके कमी झाल्यासारखे वाटतात, पण गाल लालसर दिसू लागले आहेत आणि साधे पाणी लागले तरी तिला चुरचुरते. पुढच्या महिन्यात तिच्या आतेबहिणीचे लग्न असल्याने घरात मुरूम हा एकमेव विषय आहे. वाफेचा मुरुमांवर खरोखर उपयोग होतो का, आणि होत असेल तर ती किती वेळ आणि किती वेळा घ्यावी?

उकडीचे_मोदक
मी मोदकांच्या ऑर्डरी घेते. गणपतीचे दहा दिवस माझा चेहरा मोदकपात्राच्या वाफेतच असतो. वाफेने मुरूम जात असते तर विसर्जनाला मला कोणी ओळखले नसते. प्रत्यक्षात अनंत चतुर्दशीला माझ्या हनुवटीवर दोन मुरूम हमखास हजर असतात.

काकूंचा_बटवा
मोदकताई, तुमचे मुरूम वाफेचे नसून दहा दिवसांच्या जागरणाचे असावेत. आमच्या पिढीला त्वचारोगतज्ज्ञ हा शब्दही ठाऊक नव्हता. ओव्याची वाफ, रात्री दुधात उगाळलेले जायफळ आणि सकाळी मसुराचे पीठ एवढ्यावर आमचे तारुण्य निभावले. मोगरी, सासूबाईंचे ऐक. पाला ताजा असावा, एवढेच बघ.

निवासी_डॉक्टर
मी त्वचारोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

त्वचेवरची रंध्रे ही दारे नव्हेत. त्यांना उघडझाप करणारा स्नायूच नसतो, म्हणून ती वाफेने उघडत नाहीत आणि थंड पाण्याने मिटत नाहीत. अंगावर काटा येतो तेव्हा आकुंचन पावणारा एक बारीक स्नायू केसाच्या मुळाशी असतो हे खरे, पण तो केस उभा करतो, रंध्राचे तोंड उघडत नाही. थंड पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या काही काळ आकसतात आणि चेहरा ताणल्यासारखा वाटतो, त्यालाच आपण रंध्रे मिटली असे म्हणतो.

दुसरा गैरसमज घाणीचा. नाकावरच्या ठिपक्यांचा काळा रंग धुळीचा नसतो. तेलग्रंथीतून येणारे तेल आणि त्वचेच्या मृत पेशी मिळून रंध्रात एक बूच तयार होते, आणि त्या बुचाच्या उघड्या टोकातील मेलॅनिन हवेच्या संपर्कात काळे पडते. तोंडावर त्वचेचा पापुद्रा असेल तर तेच बूच पांढरे दिसते. म्हणजे काळा ठिपका कितीही घासला तरी तो धुतला जाणार नाही, कारण तिथे धुण्यासारखे काही नसतेच.

मुरूम होण्यामागे चार गोष्टी एकत्र येतात. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांमुळे तेलग्रंथी जास्त तेल तयार करतात, रंध्राच्या आतील पेशी नीट झडत नाहीत आणि तिथे साचतात, त्या बंदिस्त जागेत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा आपल्या त्वचेवर एरवीही राहणारा जीवाणू वाढतो, आणि या सगळ्यामुळे दाह सुरू होतो. वाफ यांपैकी कशावर काम करते, असा प्रश्न विचारला तर उत्तर असे की ती फक्त बुचाचे वरचे टोक थोडा वेळ मऊ करते. तेल कमी होत नाही, पेशींचे साचणे थांबत नाही, आणि दाह असेल तर उष्णतेने त्या भागाचा रक्तप्रवाह वाढून लाली वाढते. काळे ठिपके कमी आणि गाल लाल, असे जे मोगरीताईंना एकाच वेळी दिसते आहे, त्यात विसंगती काहीच नाही.

काकूंचा_बटवा
म्हणजे ठिपके कमी होतात हे तुम्हीही मान्य केलेत. माझे तेवढेच म्हणणे होते.

निवासी_डॉक्टर
काकू, ठिपके तात्पुरते कमी दिसतात हे मान्य. बूच ज्या रंध्रात तयार होते त्याचा कारखाना मात्र चालूच राहतो.

आरसेमहाल
सांगलीत माझे पार्लर गेली १८ वर्षे सुरू आहे, म्हणून धंद्याची बाजू मांडते. क्लीन-अप करताना आम्ही वाफ देतो ती औषध म्हणून नव्हे, तर पुढच्या कामाची तयारी म्हणून. पाच-सात मिनिटांच्या वाफेने ठिपके मऊ होतात आणि मग ते कमी दाबाने निघतात. कोरड्या त्वचेतून ते ओढले तर खुणा पडतात. इतकाच वाफेचा उपयोग, आणि तो माझ्या मते खरा आहे.

पण समोरच्या मुलीच्या चेहऱ्यावर लाल, दुखरे किंवा पिकलेले मुरूम असतील तर मी वाफेचे यंत्र सुरूच करत नाही. अशा मुरुमाला उष्णता आणि दाब एकदम मिळाला की ती गाठ आतल्या आत फुटते, आणि आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या वर्णावर त्याचा काळा डाग महिनोन्महिने राहतो. मुरूम आठवड्याने जातो आणि डाग वरातीपर्यंत सोबत करतो. हे सांगितल्यामुळे माझी काही गिऱ्हाइके शेजारच्या पार्लरमध्ये गेली, आणि त्यांतली निम्मी डागांसाठी परत आली.

मोगरीताई, लग्न महिन्यावर आले आहे. या दिवसांत चेहऱ्यावर नवा कोणताही प्रयोग करू नका. लग्नाच्या दोन दिवस आधी आयुष्यातले पहिले फेशियल करून घेणाऱ्या मुली मी दर वैशाखात पाहते, आणि अल्बममध्ये त्यांचे गाल कुंकवाशी स्पर्धा करत असतात.

निवृत्त_मास्तर
भौतिकशास्त्र शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे वाफ या शब्दाबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही.

पातेल्यावर जे पांढरे धुरकट दिसते ती वाफ नव्हे. ते वाफ थंड होऊन बनलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात. खरी वाफ अदृश्य असते. किटलीच्या तोटीला लागूनच जिथे काहीच दिसत नाही, त्या जागेत ती असते, आणि नेमकी तीच जागा सर्वांत धोक्याची असते. उकळते पाणी १०० अंशांवरून शरीराच्या ३७ अंशांपर्यंत थंड होताना दर ग्रॅममागे साधारण ६३ कॅलरी उष्णता देते. तेवढीच वाफ त्वचेवर द्रवरूप होताना आधी सुमारे ५४० कॅलरी देते आणि मग वरच्या ६३ देते. म्हणजे तापमान एकच असूनही चटका जवळजवळ दहापट. पातेले गॅसवरून उतरवून, पाण्याची उकळी पूर्ण बसल्यावर आणि चेहरा हातभर लांब ठेवूनच बसावे, यामागचे कारण एवढेच आहे.

आता कडुनिंबाविषयी. ओव्यातील थायमॉल किंवा निलगिरीचे तेल वाफेबरोबर वर येते, म्हणून त्यांचा वास खोलीभर पसरतो. कडुनिंबाचा कडूपणा ज्या द्रव्यांमुळे असतो ती मात्र अशी उडून जाणारी नाहीत. ती पातेल्यातच राहतात. विश्वास बसत नसेल तर पाला उकळताना झाकण ठेवा, झाकणाच्या आतल्या बाजूस जमलेले थेंब चमच्यात घ्या, गार करा आणि चाखून पाहा. मग पातेल्यातले पाणी चाखा. चेहऱ्यापर्यंत यांतले कोणते पाणी पोहोचते, हे जीभच सांगेल.

रविवारची_दुपार
मास्तर, प्रयोगवहीवर सही केव्हा मिळेल?

पुन्हा_एकदा
मास्तरांच्या ५४० कॅलरी मी स्वतः अनुभवल्या आहेत. पुण्यात वसतिगृहात असताना मित्राच्या सल्ल्याने विजेच्या किटलीवर तोंड धरले होते. हनुवटीच्या खाली दोन रुपयांच्या नाण्याएवढा फोड आला आणि मुरूम होते तिथेच राहिले. कोरोनाच्या काळात लोक घरोघरी वाफ घेऊ लागले तेव्हा इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयातील डॉक्टरांनी २०२० मध्ये वाफेमुळे भाजलेल्या मुलांची संख्या वाढल्याचे नोंदवले होते. त्यात पातेले मांडीवर किंवा पायांवर उलटणे हा मुख्य प्रकार असतो. त्यामुळे चादरीखाली आजी आणि नात दोघी बसत असतील तर पातेले मांडीवर किंवा पलंगावर नसावे, स्थिर पाटावर किंवा टेबलावर असावे, आणि घरात लहान मूल असेल तर त्या वेळी खोलीचे दार लावलेले असावे.

काढाप्रेमी
येथे वारंवार परंपरेचा उल्लेख होत आहे, म्हणून ग्रंथांत काय आहे ते सांगतो. सुश्रुतसंहितेत तरुणांच्या चेहऱ्यावरच्या या पिटिकांना मुखदूषिका म्हटले असून त्यांची तुलना सावरीच्या खोडावरील काट्यांशी केली आहे. ज्याने सावर पाहिली आहे त्याला ही उपमा किती नेमकी आहे ते कळेल. कारण म्हणून कफ, वात आणि रक्त यांचा दोष सांगितला आहे. उपाय मात्र वमन आणि वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप असे दिले आहेत.

स्वेदन, म्हणजे घाम आणणारा शेक, हा आयुर्वेदात मोठा विषय आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील १४ वा अध्याय पूर्ण त्याचाच आहे आणि त्यात अग्नीच्या साहाय्याने द्यायच्या स्वेदाचे १३ प्रकार आहेत. परंतु त्याच अध्यायात पित्ताचे विकार असणाऱ्यांना स्वेद वर्ज्य सांगितला आहे आणि डोळ्यांना तो अगदी सौम्य द्यावा किंवा देऊच नये असेही म्हटले आहे. लाल, जळजळणाऱ्या चेहऱ्याच्या मुलीला रोज वाफ द्यावी, असे परंपरा सांगते असे मला तरी वाटत नाही. आपण जिला परंपरा म्हणतो ती पुष्कळदा आपल्या आजोळची सवय असते.

काकूंचा_बटवा
शेवटचे वाक्य मला उद्देशून आहे हे कळले. आजोळची सवयही काही वाईट नसते, हे नम्रपणे नोंदवते.

न्यूजर्सीकर
आमच्याकडचा अनुभव थोडा उलट आहे. हिवाळ्यात घरातले हीटर चोवीस तास चालतात आणि हवा इतकी कोरडी होते की नाक आणि गाल तडकतात. अशा वेळी वाफ घेतली की चेहऱ्याला फार बरे वाटते. मात्र ते बरे वाटणे दहा मिनिटांचे असते. मी चेहरा तसाच वाळू दिला तर तो आधीपेक्षा जास्त ओढल्यासारखा होतो, कारण वाफेने भिजलेल्या त्वचेतून पाणी भराभर उडून जाते. चेहरा टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावले तरच उपयोग टिकतो. चिपळूणच्या हवेत हा प्रश्न येत नसावा.

कोकणवाट
चिपळूणच्या हवेत वाफ वेगळी करावी लागत नाही. मे महिन्यात दुपारी अंगणात उभे राहिले की झाले.

थट्टा बाजूला ठेवून सांगते. दमट उष्ण हवा ही मुरुमांची मैत्रीण आहे. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात पाठवलेल्या सैनिकांमध्ये मुरुमांचा इतका तीव्र प्रकार दिसला की त्याला उष्णकटिबंधीय मुरूम असे नावच पडले. वाफेने मुरूम बरे होत असते तर रत्नागिरीपासून मंगळुरूपर्यंत एकाही कॉलेजात मुरूम दिसला नसता.

मोगरीताई, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कपाळावरचे फोड सगळे एकाच आकाराचे, बारीक आणि खाजणारे आहेत का? आणि मुलगी केसांना रोज खोबरेल लावते का? माझ्या भाचीच्या कपाळावर दोन वर्षे जे मुरूम समजले जात होते ते घामाने आणि तेलाने वाढलेल्या बुरशीचे निघाले. त्याला मुरुमांचे औषध चालत नाही आणि वाफेने तर ते वाढतात.

निवासी_डॉक्टर
कोकणवाट यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मालासेझिया नावाची बुरशी केसांच्या मुळांशी वाढून असेच दिसणारे पुरळ देते, आणि ते डोळ्यांनी मुरुमांपासून वेगळे ओळखणे घरच्यांना कठीण जाते. खोबरेल तेल कपाळावर ओघळत असेल तर रंध्रे बुजण्याचे तेही एक स्वतंत्र कारण असते.

मला आणखी एक विचारायचे आहे, आणि खरे तर ते मी पहिल्याच प्रतिसादात विचारायला हवे होते. मुलगी सध्या चेहऱ्याला काय काय लावते?

मोगरी_चिपळूण
सर्वांचे मनापासून आभार. फोड खाजत नाहीत आणि लहान-मोठे आहेत. खोबरेल मात्र रोज लावले जाते, आणि ते लावणाऱ्या व्यक्तीचा उल्लेख वर येऊन गेला आहे.

लावण्याचे म्हणाल तर साधा फेसवॉश, आणि पाच आठवड्यांपूर्वी रत्नागिरीच्या डॉक्टरांनी दिलेले अ‍ॅडापलीनचे जेल, रात्री झोपताना. वाफ घेऊन झाल्यावर लगेच लावले की ते चांगले मुरते, म्हणून आम्ही तो क्रम ठेवला आहे. हे आधी लिहायचे राहिले, कारण प्रश्न वाफेचा होता.

पुन्हा_एकदा
रहस्यकथेत खुनी सापडल्यावर वाचक मागची पाने चाळतो, तसे मी आता सगळे प्रतिसाद पुन्हा वाचत आहे.

निवासी_डॉक्टर
मोगरीताई, तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर या दोन ओळींत होते. अ‍ॅडापलीन हे रंध्रातील पेशींचे साचणे कमी करणारे औषध आहे, म्हणजे जे काम वाफेकडून अपेक्षित होते ते काम हे खरोखर करते. परंतु पहिल्या काही आठवड्यांत त्याने त्वचा कोरडी पडते, लाल होते आणि चुरचुरते. अशा त्वचेला रोज वाफ देऊन, ती गरम आणि ओलसर असतानाच जेल लावले, तर ते गरजेपेक्षा जास्त आत जाते आणि दाह दुप्पट होतो. ‘चांगले मुरते’ हे तुमचे निरीक्षण अचूक आहे, फक्त ते येथे फायद्याचे नाही. नाकावरचे ठिपके कमी होण्याचे श्रेयही बहुधा जेलचे असावे.

माझा सल्ला असा की वाफ पूर्ण थांबवावी. चेहरा धुतल्यावर तो पूर्ण कोरडा होऊ द्यावा, साधारण २० मिनिटे थांबावे आणि मग संपूर्ण चेहऱ्यासाठी मटारच्या दाण्याएवढेच जेल घ्यावे. त्यावर तेलविरहित मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन असावे. या औषधाचा परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, त्यामुळे लग्नापर्यंत चेहरा नितळ होईलच असे नाही, आणि तो व्हावा म्हणून औषध जास्त लावणे हा सर्वांत महागडा उपाय ठरतो. चुरचुर कायम राहिली तर ज्यांनी औषध दिले त्यांना फोन करावा. ते जेल एक दिवसाआड करायला सांगतील किंवा काही दिवस बंद ठेवतील, तो निर्णय त्यांचा.

आरसेमहाल
आता मलाही कळले. जेल सुरू असलेल्या मुली आल्या की मी वाफ आणि ब्लीच दोन्ही टाळते. मोगरीताईंच्या पार्लरमधल्या बाईंनी आठवड्यातून एकदा सांगितले त्यांचेही चूक नाही, त्यांना जेलचे माहीतच नसणार.

कुंदकळी
माझे वय ४१ आहे आणि मुरुमांसोबत गालांवर वांगही आहे. मी वाफ घ्यावी का?

निवासी_डॉक्टर
घेऊ नये. वांग उन्हाने वाढतो हे सर्वांना माहीत असते, पण नुसत्या उष्णतेनेही तो वाढतो. चुलीपुढे किंवा भट्टीपुढे काम करणाऱ्यांमध्ये हे दिसते. ज्यांचे गाल गरम चहानेसुद्धा लाल होतात त्यांनीही वाफेपासून दूर राहावे.

न्यूजर्सीकर
मग वाफ कोणी घ्यावी हेही एकदा लिहा, नाहीतर काकू रुसतील.

निवासी_डॉक्टर
ज्यांना फक्त काळे-पांढरे ठिपके आहेत, लाल किंवा पिकलेले मुरूम नाहीत, वांग नाही आणि चेहऱ्यावर कोणतेही औषध सुरू नाही, त्यांना आठवड्यातून एकदा पाच मिनिटे, डोळे मिटून, मास्तरांनी सांगितलेल्या अंतरावरून वाफ घ्यायला हरकत नाही. त्यानंतर नखांनी काहीही उकरू नये. मुरुमांवरचा उपचार म्हणून मात्र मी ती कोणालाही लिहून देणार नाही.

काकूंचा_बटवा
हरकत नाही, एवढे म्हणालात हेही पुष्कळ झाले. सर्दीला तरी राहू द्या.

मोगरी_चिपळूण
लग्न झाले, म्हणून कळवण्यासाठी आले आहे. वाफ त्याच दिवशी बंद केली. डॉक्टरांनी जेल दोन आठवडे एक दिवसाआड करायला सांगितले. चुरचुर आठवड्याभरात गेली, लाली पुष्कळ ओसरली. मुरूम गेलेले नाहीत. गालावर तीन होते आणि लग्नाच्या सकाळी हनुवटीवर चौथा आला. फोटोत दिसतात.

सासूबाईंना वाफ बंद करण्याचे पटवणे अवघड जाईल असे वाटले होते. त्यांना मी मास्तरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी काही न बोलता दुसऱ्या दिवशी पाला उकळला, झाकण ठेवले, थेंब चमच्यात गोळा केले आणि चाखले. मग पातेल्यातले पाणी चाखून तोंड वाकडे केले. “अगो, सगळा कडुनिंब खालीच बसलाय की,” असे म्हणून थोडा वेळ विचार केला आणि ते पाणी गार करून स्वतःच्या पायांवर ओतून घेतले, कारण पाला फुकट घालवायचा नव्हता. खोबरेल आता आठवड्यातून एकदाच लागते, तेही रात्री आणि सकाळी धुऊन टाकायचे या अटीवर. दिवेलागणीनंतर दोघी अजूनही एकत्र बसतात, पण चादर नसते. मुलगी तिला जेल दाण्याएवढे काढून दाखवते आणि आजी ते मोजून ‘पुरे’ म्हणते.

निवृत्त_मास्तर
आजींच्या प्रयोगवहीवर सही केली असे समजावे.

उकडीचे_मोदक
झाकण पुसून घ्या, पुढच्या वर्षी त्याच पातेल्यात मोदक ठेवायचे आहेत.